उमरकोटची वाट आणि गुलबदनची लेखणी

अकबराचा जन्म १५४२ साली उमरकोटला झाला, हे आपण शाळेत घोकलेले असते. त्याला पोटात घेऊन थरचे वाळवंट तुडवणारी हमीदाबानू तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती, याची आठवण मात्र कुणी देत नाही. या मुलीचे मन आपल्यापर्यंत पोचले ते तिच्या नणंदेमुळे, बाबराची लेक गुलबदन बेगम हिच्या 'हुमायूननामा'मुळे.

'अकबरनामा'साठी जुन्या माणसांच्या आठवणी गोळा होत होत्या, तेव्हा अकबराने आपल्या फुफीलाही लिहायला सांगितले. 'अकबरनामा'चा कर्ता अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला, असे गॅझेटियर नोंदवते. आम्ही जुन्या जालन्याची माणसे ही गोष्ट अभिमानाने सांगतो. फुफीचे नाव मात्र आमच्या तोंडी येत नाही.

गुलबदनची फारसी साधी, घरात बोलल्यासारखी आहे. हुमायूनच्या मागणीला हमीदाने सुमारे चाळीस दिवस होकार दिला नाही, हे ती आडपडदा न ठेवता लिहिते. ज्याच्या गळ्यापर्यंत आपला हात पोचेल असा नवरा हवा, हा त्या मुलीचा हट्ट दरबारी बखरकाराने कशाला टिपला असता? पुढे मालदेवाच्या आशेने मारवाडकडे गेलेला काफिला जीव मुठीत धरून परत फिरतो. वाळू, उन्हाळा, पाण्यावाचून मरणारी माणसे. बादशहाने घोडा मागितला, तर तर्दी बेग नाही म्हणतो. अखेर आसरा देतो तो उमरकोटचा हिंदू राणा.

गुलबदन स्वतः त्या वाटेवर नव्हती. हमीदा सांगत गेली, तिने ऐकले आणि लिहिले. काहींना हा या ग्रंथाचा दोष वाटेल. आम्हाला तेच त्याचे बळ वाटते. एका बाईचे सोसणे दुसरीने ऐकून इतिहासात नोंदवले, हे काम मोगल घराण्यात तिच्याआधी कुठल्या बाईने केल्याचे दिसत नाही.

उणीव वेगळीच आहे. बेगमांची नावे तिच्या ओठांवर आहेत; तहानेने मेलेल्या साध्या माणसांना नावे नाहीत. शाही जनान्याची भिंत तिच्या लेखणीलाही ओलांडता आली नाही. शिवाय हस्तलिखित मध्येच तुटते. पन्नाशी उलटल्यावर बायकांचा काफिला घेऊन ती १५७५ साली हजला निघाली आणि १५८२ साली परतली. त्या सफरीची हकीकत तिच्या शब्दांत आपल्याला मिळत नाही.

मुस्लिम बाईला आवाजच नव्हता असे म्हणणारे आणि तो नसावा असे म्हणणारे, दोघांनीही हे पुस्तक वाचावे. त्याआधी ते आपल्या मुलींच्या हाती द्यावे. पंधरा वर्षांच्या मुलीला सवाल करायचा हक्क आहे, हे त्यांना आपल्याच इतिहासातून कळू द्या. आणि घरातल्या नानी-दादींच्या आठवणी त्यांच्याकडून मराठीत उतरवून घ्या. नाही तर त्याही उमरकोटच्या वाटेवरच्या बिननावाच्या माणसांसारख्या वाळूत गडप होतील.