पनवेलची वाडी नकाशावर 'अपवाद' कशी होते

नीती आयोगाचा २०२३ चा बहुआयामी दारिद्र्य अहवाल मला कामासाठी सारखा उघडावा लागतो. अहवाल चांगला आहे, आधी तेच सांगते. नुसतं उत्पन्न न बघता पोषण, शाळेची वर्षं, शौचालय, स्वयंपाकाचं इंधन असे १२ निकष लावलेत, त्यामुळे एकाच घरात किती उणिवा एकत्र येतात ते कळतं. माझी तक्रार पुढची आहे. या उणिवा जागेवर कुठे गोळा होतात, ते यातून कळत नाही.

अहवालातला सगळ्यात लहान तुकडा म्हणजे जिल्हा. आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, आणि त्याचा नमुना जिल्ह्यापर्यंतच भरवशाचा. म्हणजे खारघरचे टॉवर, तळोजा एमआयडीसी, पनवेलच्या डोंगराकडच्या कातकरी वाड्या आणि थेट पोलादपूर, सगळ्यांची मिळून रायगडची एकच टक्केवारी. इंग्लंडमध्ये असाच निर्देशांक साधारण १,५०० वस्तीच्या तुकड्यांवर काढतात.

मग तुकडे बारीक करा, झालं, असं तुम्ही म्हणाल. खरी गोम इथेच आहे. पुंजके शोधायला आम्ही 'मोरान्स आय' वापरतो. शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर आकडा १ च्या दिशेने जातो. बुद्धिबळाच्या पटासारखं आळीपाळीने असेल तर उणे होतो. ल्यूक अँसेलिन यांनी १९९५ मध्ये याचं स्थानिक रूप मांडलं. त्यात गरिबाभोवती गरीब असेल तर लाल 'हॉटस्पॉट'. गरिबाभोवती सुखवस्तू असतील तर तो 'अपवाद'. शोधनिबंधांत पानंच्या पानं लाल रंगावर, अपवादाला फार तर दोन ओळी!

पनवेलची कातकरी वाडी नेमकी या दोन ओळींत जाते. एका बाजूला फार्महाऊस, दुसऱ्या बाजूला प्लॉटिंग. जनगणनेत तर तीही सोय नाही. तिथे महसुली गाव मोजतात, वाडी त्याच्या पोटात.

याने फरक काय पडतो? आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद आले. रायगड नाही, आणि जिल्ह्याच्या सरासरीने बघितलं तर ते बरोबरच. २०२३ ची पीएम-जनमन कातकऱ्यांसाठी आहे, पण ती जमातीच्या यादीवरून. नकाशाचं त्यात काही श्रेय नाही.

'शेजारी' कोण, हेही आपणच ठरवतो. बहुतेक जण हद्दीला हद्द लागली की शेजारी धरतात. मी सध्या वाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत चालायला लागणारा वेळ धरून तोच तक्ता पुन्हा मांडतेय.