पाहुणा हळकुंड

आमच्या वसमत भागात हळद काढणीला बायांची टोळी बसली, की गड्डे अन् हळकुंडं वेगळी करता करता एखादा कंद असा निघतो, की सगळ्या पदर तोंडाला लावतात. दोन तंगड्या फुटलेल्या, तिसरं बोट नको तिथं. म्हातारी तो उचलून एवढंच म्हणते, "हा कुणाकडचा पाहुणा गं?" बस्स. नाव कुणीच घेत नाही.

दादा कोंडके मला ह्याच टोळीतले वाटतात. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त ते गाजले, मग १९७१ ला 'सोंगाड्या' आला. त्यातला नाम्या भोळा. चावटपणा त्याच्या तोंडात नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून मायलेकरं शेजारी बसून बघायची. (हसू मात्र दोघांना वेगवेगळ्या जागी यायचं.) १९८६ चा हिंदी 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' बघा. नावातच सगळा माल उघड्यावर! झाकलेलंच नाही, तर उघडं काय पडणार? नंतरचे नकलाकार तर मुळा हातात धरून वर डोळाही मारतात. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले.

सावता माळ्याला कांद्या-मुळ्यात विठाई दिसली, आमच्या बायांना पाहुणा. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. पण अडतीवर तो पाहुणा शोधू नका. शिजून, वाळून, पॉलिशच्या ढोलात फिरला की त्याची बोटंबिटं झडलेली असतात.