लावलेलं रान

तोक्योतल्या मेइजी जिंगूला जाऊन आलेली माणसं बहुतेक वेळा एकाच सुरात बोलतात: एवढ्या गजबजाटात जपान्यांनी आपलं प्राचीन अरण्य कसं जपलंय पाहा! कौतुक खरं आहे, पण त्यातलं ‘प्राचीन’ही चुकीचं आणि ‘जपलंय’ही. हे रान लावलेलं आहे. त्याचं वय जेमतेम शंभर वर्षं. आणि ते लावलेलं आहे हे विसरून पाहिलं, तर या देवस्थानातली सगळ्यात विलक्षण गोष्ट नजरेतून निसटते.

सम्राट मेइजी १९१२ मध्ये वारले, सम्राज्ञी शोकेन १९१४ मध्ये. दोघांच्या स्मरणार्थ देवस्थान उभारायचं ठरलं, जागा निवडली योयोगीची. तिथे काही झाडी होती, एक जुनी बाग होती, बाकी बहुतेक शेतं, गवत आणि दलदल. देशभरातून, आणि तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या प्रदेशांतूनही, सुमारे लाखभर झाडं दान म्हणून आली. लावायला तरुणांची पथकं आली. १ नोव्हेंबर १९२० रोजी देवाची प्रतिष्ठापना झाली.

खरा वाद झाला तो कोणती झाडं लावायची यावर. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना निक्कोसारखी, इसेसारखी उंच, सरळ, गंभीर सुगीची झाडं हवी होती. सुगी म्हणजे जपानी देवदार. देवळाचं रान म्हटलं की जपानी डोळ्यासमोर तेच उभं राहतं. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकु यांनी ठाम नकार दिला. योयोगीची जमीन सुगीला मानवणार नाही, शहराचा धूर तर अजिबात सोसणार नाही. त्यांच्यासोबत होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी होते. या तिघांनी ओक, शिई, कापूर अशा रुंद पानांच्या सदाहरित झाडांचा आग्रह धरला आणि एक आराखडा केला. सुरुवातीला उंच दिसतील ते पाइन. त्यांच्याखालून इतर सूचिपर्णी वर येतील. मग त्यांच्यावर मात करत रुंदपर्णी. आणि शेवटी, शंभर-दीडशे वर्षांनी, आपल्याच बियांवर आपोआप उगवत राहणारं रान. आराखड्यात या चार टप्प्यांची चित्रं आहेत. म्हणजे आधी लावलेली झाडं मरावीत म्हणूनच लावलेली होती.

मला ही चार चित्रं गेल्या शतकातल्या उत्तम रचनांपैकी एक वाटतात. रचनाकार स्वतःला रचनेतून हळूहळू खोडत जातो, आणि अखेरचं पान लिहिलं जाईल तेव्हा तो हयात नसेल हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असतं. आजही वाटेवर पडलेली पानं लांब झाडूंनी लोटून पुन्हा रानात टाकतात. बाहेर काही न्यायचं नाही, बाहेरून खत आणायचं नाही. १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य इमारती जळाल्या, १९५८ मध्ये नव्याने बांधल्या. नीटस आहेत, पण त्यांच्यासाठी वाट वाकडी करून जावं असं त्यांत काही नाही. रान मात्र बहुतांश तगलं.

आपल्याकडच्या देवराईची आठवण इथे होतेच. पण देवराई म्हणजे भोवतालचं तुटत गेलं तरी भीतीपोटी, श्रद्धेपोटी राहिलेलं रान. देव आधी की रान आधी, हे तिथे सांगता येत नाही. इथे क्रम लख्ख आहे: आधी सम्राट, मग देव, मग रान. ही राष्ट्राने ठरवून केलेली पवित्रता आहे.

आणि म्हणूनच माझी तक्रार आहे. वाटेवरची बारा मीटर उंचीची मोठी तोरी (शिंतो देवस्थानाची लाकडी कमान, ‘तोरण’ या शब्दाशी तिचं नातं जोडायचा मोह आपल्याला होतोच) तैवानच्या सायप्रसची आहे. आजची तोरी १९७५ ची. तिच्या आधीचीही तैवानच्याच लाकडाची होती, आणि ती उभारली तेव्हा तैवान जपानची वसाहत होतं. पर्यटक मान वर करून लाकडाचं वय ऐकतो, लाकूड इथवर कसं आलं हे त्याच्या मनातही येत नाही. इथल्या चिठ्ठ्यांचंही तसंच. इतर देवळांत ओमिकुजीवर शुभ-अशुभ भविष्य असतं. इथे सम्राटाची किंवा सम्राज्ञीची एक वाका कविता मिळते, खाली बोध. मेइजींनी आयुष्यात लाखाच्या आसपास वाका रचल्या. त्यांतली चारही समुद्रांच्या बंधुत्वाची एक कविता नातू हिरोहितोंनी सप्टेंबर १९४१ च्या दरबारी बैठकीत वाचून दाखवली. तीन महिन्यांत युद्ध पेटलं. शांततेची कविता किती सहज युद्धाच्या टेबलावर बसू शकते, हे या आवारात कुठेतरी जाणवायला हवं. इथे सगळं सौम्य, सुवासिक, निर्मळ आहे.

रानाची परीक्षा मात्र बाहेर चालू आहे. युद्धानंतर सरकारी पैसा बंद झाला. देवस्थान स्वतःच्या उत्पन्नावर चालतं, आणि त्यातला मोठा वाटा बाह्योद्यानातून येतो. १९२६ मध्ये पुरं झालेलं हे जिंगू गाइएन थोडं दूर आहे: गिंकोंची वाट, बेसबॉलचं मैदान. तिथे आता जवळपास १९० मीटरचा मनोरा आणि नवी मैदानं व्हायची आहेत. मोठ्या बांधकाम कंपन्यांबरोबर या प्रकल्पात मेइजी जिंगू स्वतः भागीदार आहे. संगीतकार साकामोतो र्युइची यांनी मार्च २०२३ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, तोक्योच्या राज्यपालांना पत्र लिहून विरोध केला. तरी २०२४ च्या शरदात झाडं पडू लागली.

देवस्थानाची बाजू अगदीच पोकळ नाही. आतलं रान सांभाळायला पैसा लागतो आणि तो बाहेरच्या जमिनीतून येतो. पण होंदांच्या आराखड्यात दीडशे वर्षं थांबायची तयारी होती, आणि झाडांच्या बदल्यात झाडं लावू हे आश्वासन देणाऱ्यांकडे तेवढा वेळ दिसत नाही. शंभर वर्षांची गिंको आणि काठ्यांना बांधलेलं नवं रोप यांची गणती एकास एक अशी होते. आतल्या रानाचे कर्ते असा हिशेब करत नव्हते. त्यांनी लावलेले पाइन तर आता तिथे फारसे उरलेलेही नाहीत.