उपग्रहचित्रांची साक्ष : जुन्नर व आंबेगांव

जमिनीच्या वापरांत पडलेला फरक उपग्रहांनीं टिपलेल्या चित्रांवरून ठरविण्याची पद्धति अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरांत खाडी बुजवून वस्ती किती पसरली, खारफुटी किती उरली, हें या चित्रांवरून चांगलें कळतें. तेथें यश आलें म्हणून तीच मोजपट्टी घेऊन अभ्यासक घाट चढून जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतही येतात. हें साधन त्याज्य आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु साधन नवें असलें तरी पुराव्याच्या परीक्षेचे नियम जुनेच आहेत. ते येथें पुरतेपणीं पाळले जात नाहींत, असें आम्हांस वाटतें.

या साधनाचा मोठा गुण म्हणजे त्याची तारीख. पहिला लँडसॅट १९७२ च्या जुलैंत सुटला, भारताचा आय.आर.एस.-१ए १९८८ च्या मार्चांत. तेव्हांपासूनचीं चित्रें तारीखवार लावलेलीं मिळतात. शक व संवत्सर यांचा मेळ घालण्यांत ज्यांचे डोळे शिणले, त्यांस याचा हेवा वाटल्यावांचून राहणार नाहीं! परंतु पहिल्या लँडसॅटच्या चित्रांतील एक ठिपका सुमारें ८० मीटर लांबरुंद जमिनीचा आहे. १९८२ नंतर तो ३० मीटरांवर आला व २०१५ च्या सेंटिनेल-२ मध्यें १० मीटरांवर. घोडनेराच्या माथ्याकडील भाताचीं कित्येक खाचरें त्या पहिल्या एका ठिपक्यांत मावतील. अशीं दोन चित्रें शेजारीं ठेवून ‘लागवड वाढली’ म्हणणाऱ्यानें, लागवड वाढली कीं पाहणाऱ्याची दृष्टि सुधारली, याचा आधीं निवाडा केला पाहिजे.

याहून मोठा दोष ऋतूचा आहे. पूर्वेकडे कुकडीच्या कालव्याखालीं ऊंस बारमाही उभा असतो. तेथें चित्राची साक्ष बहुधा खरी ठरते. पश्चिमेकडे तसें नाहीं. भाताची लावणी आषाढांत होते, आणि त्याच वेळीं आकाश ढगांनीं भरून जमीन दिसेनाशी होते. ढगांतून पाहणारीं रडारचीं चित्रें आतां मिळतात, पण पन्नास वर्षांच्या मूळ मालिकेंत तीं नाहींत. म्हणून अभ्यासक निरभ्र अशा माघ-फाल्गुनांतील चित्र घेतो. त्या वेळीं भात निघून गेलेलें असतें. डोंगरउतारावरील नाचणी-वरीचीं वरकस जमीन तर कांहीं वर्षें पेरून पुढें कांहीं वर्षें विसाव्यास टाकलेली असते. चित्रांत ती उघडी दिसते व तक्त्यांत ‘ओसाड’ म्हणून चढते. उलट डिंभे धरणाचें पाणी उन्हाळ्यांत ओसरलें कीं काठच्या गाळपेरीची हिरवळ दिसते. परंतु ज्या गांवावरून तालुक्यास नांव मिळालें तें जुनें आंबेगांव त्याच पाण्याखालीं गेलें, हें चित्र कसें सांगणार?

हा केवळ विद्वानांचा वाद असता तर आम्हीं इतकें लिहिलें नसतें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें जाऊन दीडशें माणसें मेलीं. गांव जागेवर नाहीं ही वार्ता प्रथम एस.टी.च्या चालकानें आणिली. पुढें आधींचीं व नंतरचीं चित्रें ताडून पाहण्यांत आलीं, आणि अतिवृष्टीबरोबरच शेतीसाठीं केलेल्या डोंगराच्या सपाटीकरणाकडेही बोट दाखविण्यांत आलें. उतार केव्हां कापला गेला हें दोन तारखांच्या मध्यें बसवितां येतें, तेवढा चित्राचा अधिकार आम्ही मान्य करतों. परंतु कापला कोणीं, कोणत्या योजनेंतून, कोणाच्या सल्ल्यानें. आणि पाणी आंत कोठें मुरत होतें? परस्परांच्या श्रमानें ताल घालून केलेली पडकई व यंत्रानें ओरबाडलेली पट्टी, दोन्ही वरून सारख्याच सपाट दिसतात. चित्रावरून गांवकऱ्यांस दोषी ठरविणें म्हणजे एकाच कागदावर महजर करण्यासारखें आहे.

वनहक्कांच्या बाबतींत हेंच पुन्हां घडतें. २००६ च्या कायद्यान्वयें १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा कबजा दाखवावा लागतो. त्या सुमाराच्या चित्रांत शेत दिसत नाहीं म्हणून महादेव कोळी कुटुंबाचा दावा फेटाळावयाचा, तर विसाव्याच्या वर्षीं टिपलेली वरकस त्याच्या विरुद्ध साक्षीदार होते. २०१२ च्या सुधारलेल्या नियमांत उपग्रहचित्र हें इतर पुराव्यास पूरक मानावें, त्याच्या जागीं घेऊं नये, असें स्पष्ट लिहिलें आहे. तेव्हां वृद्धांचे जबाब, जुने दंड-पावत्यांचे कागद व बांधांची प्रत्यक्ष पाहणी यांस चित्राच्या बरोबरीनें बसविणें ही मेहेरबानी नव्हे, नियमच आहे.

पेशवाईंतील पाहणीखरड्यांतही ‘पडीक’ हा शब्द येतो. परंतु तो लिहिणारा कारकून शिवारांत उभा असे, आणि पडीक किती वर्षांची हें रयतेस विचारूं शकत असे. आजच्या सातबाऱ्यांतही जिरायत, बागायत, तरी यांच्या जोडीला वरकस हा शब्द आहे. उपग्रहचित्रांवरून केलेले जे नकाशे आमच्या पाहण्यांत आले, त्यांत मात्र वरकसचा रकाना आम्हांस आढळला नाहीं.