‘अनुकृती’ की ‘सादृश्य’? : आत्मप्रतिरक्षेच्या मीमांसेतील एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रातील संज्ञा ही केवळ नामपट्टी नसते; ती विचाराला वळण देते आणि प्रसंगी त्याची दिशाभूलही करते. आत्मप्रतिरक्षाजन्य रोगांच्या उपपत्तीत रूढ झालेली ‘रेणवीय अनुकृती’ ही संज्ञा या दृष्टीने परीक्षणीय आहे. अनुकृती म्हटली की अनुकरण करणारा, अनुकार्य वस्तू आणि फसणारा प्रेक्षक अशा तिघांची अपेक्षा उत्पन्न होते. रेमंड डेमियन यांनी १९६४ मध्ये ही संज्ञा पुढे मांडली, तेव्हा ही अपेक्षा पूर्ण होत होती. परोपजीवी जीव आश्रयदात्याच्या प्रतिजनांशी साम्य राखतो व त्यामुळे त्याच्या प्रतिकारातून निसटतो, असा त्यांचा आशय होता. पुढे याच संज्ञेने नेमकी उलटी घटना सांगितली जाऊ लागली. साम्यामुळे प्रतिकार टळत नाही. तो चेतविला जातो आणि स्वतःच्याच ऊतींवर उलटतो. यात जंतूचा लाभ कोणताच नाही. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पालटला.

गीयाँ-बारे व्याधीचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जंतूच्या काही वाणांच्या आवरणातील शर्करारचना मज्जातंतूंवरील जीएम-१ गँग्लिओसाइडासारखी असते. अतिसार ओसरल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत जंतूविरुद्ध बनलेले प्रतिपिंड मज्जातंतूंना चिकटतात, पूरक प्रथिने कार्यान्वित होतात, भक्षी पेशी तेथे पोहोचतात आणि हातपाय लुळे पडतात. जंतूचे हे द्रव्य टोचलेल्या सशांतही अशीच दुर्बलता आल्याचे २००४ मध्ये दाखविण्यात आले. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये या व्याधीचा उद्रेक झाला, तेव्हा काही रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत हाच जंतू आढळला. तथापि या जंतूची बाधा झालेल्यांपैकी सुमारे हजारात एकालाच ही व्याधी जडते. केवळ साम्य हेच कारण असते, तर उरलेले सारे कसे बचावले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

टी-पेशींच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. वुखरफेनिग व स्ट्रॉमिंजर यांनी १९९५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांतून मिळविलेल्या, मायलिनचे प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशींवर जंतू व विषाणूंची १२९ पेप्टाइडे तपासली. त्यांपैकी आठांनी या पेशी चेतविल्या. पण अमिनो आम्लांचा अनुक्रम ताडून पाहिला असता त्यांतील एकच ओळखता आले असते. म्हणजे पेशी अक्षरे वाचीत नाही, आकार वाचते. शिवाय तेवढेही पुरत नाही. दुसरा, सहचेतक संकेत मिळाल्याखेरीज विश्रांत टी-पेशी कार्यप्रवृत्त होत नाही. एकाच ‘कर’ या शब्दाचा अर्थ हात की सारा, हे संदर्भ ठरवितो, तसाच हा प्रकार आहे.

साम्यावरून संबंध जोडण्याचा मोह भाषाशास्त्राला जुना परिचित आहे. ‘बदनाम’ या शब्दातील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा ध्वनी व अर्थ जुळतो. नाते मात्र नाही. म्हणूनच त्या शास्त्रात नियमित ध्वनिसंवादाचा आग्रह धरला जातो. येथेही चार प्रमाणे अपेक्षिली जातात : संसर्ग व रोग यांचे साहचर्य, रुग्णात स्वप्रतिजनाविरुद्ध पेशी वा प्रतिपिंड, जंतूत तत्सदृश घटक, आणि प्राण्यांत त्या रोगाची पुनर्निर्मिती. गीयाँ-बारे ही कसोटी बव्हंशी उतरते. अन्य अनेक रोगांविषयीचे दावे तिसऱ्या प्रमाणाशीच थांबतात.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ‘अनुकृती’ या शब्दाने सारा दोष जंतूवर जातो आणि स्वतःला ओळखून आवर घालणारी पेशींची यंत्रणा कोठे ढळली, हा मूळ प्रश्न झाकला जातो. गीयाँ-बारेमध्ये उपचार होतो तो रक्तद्रव बदलून किंवा इम्युनोग्लोब्युलिन देऊन. म्हणजे तो प्रतिकारावर रोखलेला असतो, जंतूवर नव्हे. तेव्हा मराठीत डेमियन यांच्या अर्थापुरती ‘अनुकृती’ राखावी व रोगोत्पत्तीच्या संदर्भात ‘रेणवीय सादृश्य’ असे म्हणावे, हे अधिक युक्त होय. सादृश्य ही शंकेची सुरुवात आहे, सिद्धता नव्हे.