३५ हजारांतले दोन फोटो आणि आमचा नाताळचा अल्बम

लिटरेचर रिव्ह्यू करताना एखादा आकडा इतका आवडतो, की तो कुठून आला हे विचारायचं राहूनच जातं. माझं तसं ह्यू ग्रेगरी गॅलाघर यांच्या ‘एफडीआर्स स्प्लेंडिड डिसेप्शन’ (१९८५) या पुस्तकाबाबत झालं. मी फिजिक्सवाली, इतिहास माझा विषय नाही. पण मी व्हीलचेअर वापरते आणि हे पुस्तक व्हीलचेअरवरच्या अध्यक्षाबद्दल आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओचं निदान झालं, तरी ते चार वेळा अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. गॅलाघर सांगतात, रूझवेल्ट यांच्या ग्रंथालयात त्यांचे ३५ हजारांहून जास्त फोटो आहेत, आणि त्यांत व्हीलचेअरवर बसलेले फक्त दोन.

आकडा जबरदस्त आहे. देणारा माणूसही स्वतः पोलिओनंतर व्हीलचेअरवर आलेला. पण पुढे लोक तो कसा वापरतात बघा: ‘रूझवेल्टचे खुर्चीतले जगात दोनच फोटो आहेत.’ गॅलाघर असं म्हणत नाहीत, ते एका संग्रहाबद्दल बोलतायत. २०१३ मध्ये रे बेगोविच या प्राध्यापकांना नॅशनल अर्काइव्हजमध्ये १९४४ ची फिल्म मिळाली. त्यात रूझवेल्टना युद्धनौकेवर खुर्चीतून नेताना काही सेकंद दिसतात. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये असा आकडा टाकलात, तर शेजारी संग्रहाचं नाव लिहा. गाईड नेमके तिथेच पकडतात.

माझी खरी तक्रार कारणाबद्दल आहे. गॅलाघर यांच्या मते ही लपवाछपवी होती: मतदारांसाठी, पत्रकारांच्या साथीने. ते पटतं. पण खुर्चीतला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो बघा. फेब्रुवारी १९४१, हाइड पार्क, मांडीवर फाला कुत्रा, शेजारी एक लहान मुलगी. तो काढला मार्गारेट सकली या त्यांच्या दूरच्या चुलत बहिणीने. म्हणजे बाहेरच्या कॅमेऱ्याने लपवलं, घरच्या कॅमेऱ्याने दाखवलं. आमच्याकडे उलटं आहे.

आम्ही वसईचे. नाताळचा फोटो मध्यरात्रीची मिस्सा संपली की घरी, गोठ्यासमोर. दरवर्षी पप्पा नाहीतर मामा मला उचलून सोफ्यावर बसवतात आणि खुर्ची कोणीतरी स्वयंपाकघरात ढकलतं. ‘फोटोपुरतं गं.’ लाज वगैरे काही नाही. हँडल मागच्याच्या पोटात लागतं, नव्या फ्रॉकला चाकाची माती लागते, आणि सगळी भावंडं एका ओळीत हवीत. म्हणून नाताळच्या एकाही ग्रुप फोटोत माझी खुर्ची नाही. उद्या कोणी आमचा अल्बम मोजला, तर ‘कुटुंबाने अपंगत्व लपवलं’ असं लिहून मोकळा होईल. मोजणी बरोबर, कारण चूक. निदान अर्धं चूक, कारण ‘राहू दे मला खुर्चीतच’ असं मीही कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या नाताळला फोटो मी काढले. खुर्चीत माझा डोळा जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर असतो. तिथून भाची थेट लेन्समध्ये बघते. मोठ्यांच्या हनुवट्या येतात, आणि तळलेल्या फुग्यांचं ताट धरलेले हात, जे आमच्या जुन्या अल्बममध्ये कुठेच नाहीत. चेहरे घ्यायला कॅमेरा वर कलवला, की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येतात आणि दाराची चौकट मागे पडल्यासारखी दिसते. मामा म्हणाला, ‘काय गं, घर वाकडं केलंस!’

पण माझे फोटो म्हणजे ‘खरा’ डेटा असंही समजू नका. त्यांत मी नाहीच. आणि मिस्सेचा फोटो एकच आहे, तोही दाराबाहेरून, कारण पायऱ्या. नुसते फोटो बघणाऱ्याला वाटेल, हिला मिस्सेत रस नाही.

यंदा मामाने आधीच विचारलंय: खुर्चीसकट फोटो काढायचा, तर हँडलचं काय करायचं? ते दुमडत नाही. मी सांगितलंय, माझ्या मागे कोणी उभं राहायचं नाही, भाचीला माझ्या मांडीवर द्या.