नंगारा : घाट आणि कातडे

पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशिम) येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. या चार मजली वास्तूला नंगाऱ्याचा आकार दिला आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानी तांड्याच्या वाद्यालाच वास्तुरूप द्यावे, ही कल्पना समर्पक आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. आक्षेप आहे तो नंगाऱ्याकडे केवळ आकार म्हणून पाहण्याच्या आपल्या लेखनातील सवयीला.

अरबी ‘नक्कारा’, मराठी ‘नगारा’, गोरमाटी ‘नंगारा’ एवढी व्युत्पत्ती दिली, ‘एकतेचे प्रतीक’ म्हटले, की विषय संपतो. वाद्य बनते कसे, ते राहूनच जाते.

वास्तविक भांडे केवळ हवा कोंडते आणि नादाला घुमारा देते. वाजते ते तोंडावर ताणलेले कातडे. ओले कातडे चढवून वादीने आवळतात. सुकताना ते आक्रसते आणि ताण वाढतो. दमट हवेत कातडे ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात आवाज बसतो. शेकले की चढतो. हलगी-डफ वाजवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

उत्तर अमेरिकेतील सेनेका लोकांचे पाण्याचे ढोलके उलट्या वाटेने जाते. लहान लाकडी भांड्यात थोडे पाणी ठेवतात, ढोलके उलटे करून कातडे आतून भिजवतात आणि काठावरच्या कड्याने ताण धरतात. आपल्याकडे विस्तव, तिकडे पाणी. कारागिराचा प्रश्न एकच, कातड्यातला ओलावा आवाक्यात ठेवण्याचा. त्या वाद्याचे वर्णन करताना पाणी वगळता येत नाही, कारण ते नावातच आहे. आपल्या वर्णनांतून विस्तव मात्र सहज गळतो.

विस्तवाबरोबर माणूसही गळतो. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे होते. वाद्याला देवळात मान आणि कातडे कमावणाऱ्याला गावकुसाबाहेर जागा, ही आपली जुनी रीत. काम हलके मानले गेले, म्हणून त्यातले ज्ञानही नोंदीलायक ठरले नाही. आजच्या सांस्कृतिक लेखनाने तीच रीत नकळत चालवावी, हे बरे नव्हे.

कोणत्याही संग्रहातील नंगाऱ्याच्या पाटीवर भांडे कोणत्या धातूचे, कातडे कोणत्या जनावराचे, वादी कशी ओवली आणि मढवणारा कोण, एवढे तरी हवे. १५ फेब्रुवारीला, सेवालाल जयंतीला, तांड्यातांड्यांवर नंगारे वाजतात. नोंद करायला जाणाऱ्याने वाजवणाऱ्याचे नाव जरूर लिहावे. त्याच कागदावर मढवणाऱ्याचेही लिहावे.